हे कशात धरलंत?

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, पलंगाच्या उशाशी, दोन डोकी उमटली आहेत. एक माझं, एक हिचं. माझ्या डोक्यावर केस फारसे उरलेले नाहीत, पण झोपण्यापूर्वी खोबरेल चोळायची सवय शाबूत आहे. पूर्वी जे तेल केसांत मुरायचं ते आता थेट भिंतीत मुरतं. रंगाऱ्याने 'धुता येणारा रंग' म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते. आम्ही धुतला. रंग गेला, डोकी राहिली.

त्याला परत बोलावला. त्याने भिंतीवर बोट फिरवून ते पँटला पुसलं आणि म्हणाला, "साहेब, वरून कितीही हात मारा, तेल परत वर येणार. त्यापेक्षा पलंगाला पाठ लावून टाका."

पलंग घेतला तेव्हा पाठीचे पैसे वेगळे पडत होते, म्हणून आम्ही पाठीकडे पाठ फिरवली होती. आता दुकानात चौकशी केली. तिथल्या तरण्या मुलाने मला एका मखमली पाठीसमोर उभं केलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "सर, हा नुसता हेडबोर्ड नाही. स्टेटमेंट आहे."

स्टेटमेंट म्हटलं की मला बँकेचं आठवतं. मी विचारलं, "शिल्लक किती?"

"अठरा हजार, सर. फिटिंग वेगळं."

मी प्रमाणित लेखापरीक्षक आहे. पतपेढ्या आणि गृहनिर्माण सोसायट्या यांचे हिशेब तपासण्यात उमेद गेली. कोजागिरीची भेळ 'इमारत दुरुस्ती'त दडवणारे सचिव मी चेहऱ्यावरून ओळखतो. त्यामुळे त्या मखमलीआड काय आहे हे मला दिसायला वेळ लागला नाही. एक प्लायचा तुकडा, थोडा फोम, वर कापड, मागे पिना. चार हजारांच्या वर एक पैसा नाही. बाकीचे चौदा हजार आवाज खाली आणण्याचे.

घरी येऊन जाहीर केलं, "पाठ मी घरी करणार."

"कुणाकडून?" हिने विचारलं. तिचा हा पहिला आक्षेप मी नोंदवून घेतला आणि पुढे गेलो.

लेकीने बंगळुरूहून एक व्हिडिओ पाठवला. पांढरीशुभ्र पँट घातलेली एक अमेरिकन बाई अकरा मिनिटांत पाठ करते आणि शेवटी पँट पांढरीच असते. आमचा अख्खा फ्लॅट मावेल एवढी खोली तिने नुसती हत्यारांना दिलेली. शेवटी पडद्यावर खर्च येतो, तीस डॉलर. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: घरात आधीपासून असलेल्या वस्तू धरलेल्या नाहीत. व्यवसायामुळे मी बारीक अक्षरंच आधी वाचतो. ही ओळ वाचून मला त्या बाईबद्दल आदर वाटला. कुठल्याही पतपेढीत तिला डोळे झाकून चिटणीस केलं असतं.

आईने एवढंच विचारलं, "माळ्यावर आपले दोन लोड आहेत ना रे?"

"आई, लोड वेगळे. ती बैठकीची वस्तू."

"टेकायचंच आहे ना पण?"

ऐंशीच्या पुढच्या माणसांशी तत्त्वाच्या प्रश्नावर वाद घालू नये.

आमचा पलंग साठ इंच रुंद. तीस इंच उंचीची पाठ धरली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो आणि बारा एमएमचा प्लाय मागितला. तिथे प्लाय आठ बाय चारच्या अख्ख्या शीटमध्ये मिळतो. माझी गरज साडेबारा चौरस फुटांची, शीट बत्तीस चौरस फुटांची, किंमत 1,900.

"मापात कापून देऊ का? शंभर रुपये."

खरं तर कुठल्याही शहाण्या माणसाने इथे शंभराची नोट काढावी. पण शंभर ही रक्कम विचित्र आहे. एक हजार वाचवायची संधी आली तर माणूस विचार करतो, शंभर वाचवायची संधी आली की तो लढतो. घरी वडिलांची करवत होती. मी बाणेदारपणे म्हणालो, "नको, घरी कापू."

अख्खं शीट रिक्षात मावत नाही, म्हणून टेम्पो. अख्खं शीट लिफ्टमध्येही मावत नाही, हे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खाली उभं राहिल्यावर समजतं. टेम्पोवाला आणि त्याचा पोऱ्या ते जिन्याने घेऊन निघाले, मी पुढे राहून दिशा दाखवत होतो. प्रत्येक वळणावर शीट अडायचं आणि एकेका घराचं दार उघडायचं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आमच्याकडे काय चाललंय हे सगळ्या विंगला पाठ झालं होतं. टेम्पो आणि चढाई मिळून 800. रात्री ही म्हणाली, "शंभर वाचवायला आठशे. हे कशात धरलंत?"

"टेम्पो अख्ख्या शीटसाठी आला होता. आपल्याला शीटचा एकोणचाळीस टक्के भाग लागतो. म्हणजे हेडबोर्डच्या नावे 312."

"आणि बाकीचे?"

"शिल्लक साठ्याच्या नावे."

शिल्लक साठा तेव्हापासून दाराआड उभा आहे. ज्या मराठी घरात दाराआड प्लायचा तुकडा नाही ते घर मी अजून पाहिलेलं नाही. तो कधीतरी लागणार असतो. घर बदललं की तो सामानाबरोबर नव्या घरी येतो आणि नव्या दाराआड उभा राहतो.

फोमच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "डेन्सिटी किती देऊ?"

ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसतं तो मी समोरच्यावर उलटवतो. ऑडिटची ती जुनी रीत आहे. "तुम्ही साधारण किती देता?"

"बत्तीस घ्या, चाळीस घ्या. मनावर आहे."

मी दोन्ही तुकडे अंगठ्याने दाबले, मान हलवली, परत दाबले. बाजूची दोन गिऱ्हाइकंही दाबायला लागली. बत्तीस म्हणजे काय, तर एक घनमीटर फोमचं वजन बत्तीस किलो. त्यावरून तो मऊ की कडक हे कळतंच असं नाही, कारण मऊपणा ही निराळी गोष्ट आहे. पण हे मला नंतर समजलं आणि तोवर मी चाळीसपेक्षा बत्तीस स्वस्त आहे या एकमेव शास्त्रीय कसोटीवर निर्णय घेतला होता. दोन इंच जाडीचं सहा बाय तीनचं शीट, 1,300. त्यातलं आम्हाला लागणारं 903 रुपयांचं. उरलेली पट्टी दाराआड.

मखमलीसाठी रविवार पेठेत आम्ही दोघं गेलो. रंगाचा निर्णय हिचा, मापाचा माझा, असं ठरलं होतं. हिने मोरपिशी रंग पसंत केला. मी मोठ्या ऐटीत हिशेब मांडला: उंची तीस इंच, वर-खाली फोमची जाडी, मागे वळवून पिना मारायला कापड, झाले एक्केचाळीस इंच. म्हणजे एक मीटरला किंचित जास्त. "सव्वा मीटर द्या."

दुकानदाराने कात्री हातात घेऊन विचारलं, "पुरेल?"

"हिशेबाचा माणूस आहे मी," मी म्हणालो.

सोफ्याच्या कापडाचा पन्हा चोपन्न इंच असतो. पाठ साठ इंचांची, दोन्हीकडचा फोम आणि वळण धरून बहात्तर. घरी कापड अंथरल्यावर दोन टोकांपैकी एकच टोक प्लायच्या मागे जायला तयार होतं. कापड आडवं धरलं असतं तर दोन मीटरांत, 960 रुपयांत, विनाजोड काम झालं असतं, हे हिने पदराची घडी घालता घालता सांगितलं. मी सांगितलं की मखमलीची लव वरून खाली बसावी लागते, आडवं धरलं तर ती आडवी बसेल, म्हणून जाणकार लोक जोड देतात. हे मी दुकानातून निघताना दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यात ऐकलं होतं. मग आणखी सव्वा मीटर आणला. एकूण 1,200.

जोड द्यायला आईने तिचं शिलाई मशीन बाहेर काढलं. मखमल मशीनवर धरायची म्हणजे धरलेल्या मांजराला औषध पाजायचं, खालचा पदर इकडे सरकतो आणि वरचा तिकडे. आई मात्र डोळे बारीक करून शांतपणे दामटत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "दोन्हीची लव एकाच दिशेला आहे ना रे? हात फिरवून बघ."

मी तेव्हा स्टेपल गनमध्ये पिना भरत होतो. "सारखंच आहे सगळं. शिव तू."

फोम चिकटवायला बोहरी आळीतून फेविकॉलचा एसआर आणला होता. हा पिवळसर, उग्र वासाचा गोंद. लाकडालाही लावायचा, फोमलाही लावायचा, आणि मग हात न लावता दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. बोटाला चिकटेनासा झाला की मग एकमेकांवर ठेवायचं, आणि ठेवलं की ठेवलं. हलवायची सोय नाही. विवाहसंस्थेचा एवढा नेमका अभ्यास केलेला गोंद मी पाहिला नव्हता. मी घाई केली नाही, बसलो. पण त्याआधी पावाच्या सुरीने फोम कापला होता आणि त्याचा भुसा पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर फिरत होता. पंधरा मिनिटांत त्यातला बराचसा गोंदावर येऊन बसला, थोडा माझ्या हातांवर, आणि उरलेला, तेल असल्यामुळे, डोक्यावर.

"केस आल्यासारखे वाटतात," ही म्हणाली. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली आहेत. इतकं प्रेमाने ती क्वचितच बोलते.

"पण सुरी माझी आहे. हे कशात धरलंत?"

"उसनवार."

पिना मारायची एक शिस्त असते. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग तिथून कोपऱ्यांकडे सरकत जायचं, दर वेळी समोरासमोर ताण द्यायचा आणि कोपरे शेवटी. व्हिडिओतल्या बाईने हे तीनदा बजावलं होतं. मी डावीकडून सुरू करून उजवीकडे गेलो, कारण मी लिहितो तसाच काम करतो. उजव्या कोपऱ्यात जमलेली सगळी मखमल एका गाठोड्यात दाबून बसवली. तो कोपरा भिंतीकडे आहे आणि भिंत तक्रार करत नाही. या सगळ्या गडबडीत पोलादी मोजपट्टी कुठे गेली ते कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. उजव्या बाजूला टेकून बसलं की आत काहीतरी 'कट्ट' वाजतं, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढणं हे लेखापरीक्षणाच्या तत्त्वात बसत नाही. मी तिची नोंद 'मार्गस्थ मालमत्ता' अशी केली आहे.

पाठ उभी केली. मी दोन पावलं मागे गेलो. डावा अर्धा भाग गडद मोरपिशी होता, उजवा फिकट राखाडी.

"दोन ठाणांतलं कापड दिलं वाटतं मेल्याने," ही म्हणाली.

आईने नुसता हात फिरवला. डावीकडे लव वर जात होती, उजवीकडे खाली. मखमलीचं असंच असतं, उलटी धरली की तोच रंग उजेडात वेगळा दिसतो. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टू-टोन. सध्या तसंच चालतं."

आता ती भिंतीला टांगायची. त्यासाठी 2,200 रुपयांचं ड्रिल मशीन घेतलं. ही म्हणाली, "हे तरी नक्की हेडबोर्डमध्ये धरायला हवं."

मी तिला शांतपणे समजावलं. ड्रिल हा भांडवली खर्च आहे. तो एका कामाच्या बोकांडी मारता येत नाही. आयकराच्या नियमांत यंत्रसामग्रीवर वर्षाला 15 टक्के घसारा असतो, म्हणजे 330 रुपये. वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर त्याच्याही निम्मा. 165 रुपयांत ड्रिल पडलं, अशी बाजारात कुठे सोय आहे?

आमची इमारत नवी. अल्युमिनियमचे साचे लावून काँक्रीट ओतलेल्या भिंती. मी ड्रिल लावलं, पूर्ण वजन टाकलं. घरभर असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर बनियनवर खाली आले. भिंतीवर तोवर एक ठिपका पडला होता.

"अहो, ही विटेची भिंत नाही. याला हॅमरवालं मशीन लागतं," ते म्हणाले. "हॅमर आहे का यात?"

"स्वस्तात होतं," मी म्हणालो.

त्यांनी ठिपक्याला बोट लावलं, मग पाठीला बोट लावलं. "टांगताय कशाला? दोन पाय ठोका, पलंग मागे दाबा, जाते कुठे?"

दाराआडच्या साठ्यातून दोन पाय निघाले. शिल्लक साठ्याच्या टीकाकारांनी इथे विचार करावा. पलंग दाबला, पाठ उभी राहिली. ड्रिल परत खोक्यात गेलं. आणि मालमत्ता वापरातच आणली नाही तर तिच्यावर घसारा लागत नाही. म्हणजे ड्रिल पडलं शून्य रुपयांना.

पाठीच्या जाडीमुळे पलंग तेवढा पुढे आला आहे आणि हिच्या कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. डावीकडच्या साड्या निघतात, उजवीकडच्या निघत नाहीत. सणासुदीला डावीकडच्याच साड्या नेसून ही कंटाळली आहे. मी पलंग उलटा फिरवायचा पर्याय सुचवला. प्राचीन इजिप्तमध्ये, राजांच्या थडग्यांत सापडलेल्या पलंगांनाही, फळी असते ती पायांकडे. डोक्याशी काहीच नाही, मान टेकायला एक लाकडी टेकू. हजारो वर्षं चाललेली पद्धत आहे.

"राजांची कपाटं उघडत होती ना?" ही म्हणाली.

हिशेब मात्र चोख आहे. प्लाय 742, फोम 903, मखमल 1,200, गोंद चतुर्थांश डबा 63, स्टेपल गनचा सहामाही घसारा 41, पिना 60, टेम्पो 312. एकूण 3,321 रुपये. हिने स्वयंपाकघरातल्या वहीत वेगळी बेरीज केली आहे. तिच्यात प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसे एवढी एकच बाब आहे आणि ती 8,260 भरते. ही बेरीज प्राथमिक स्वरूपाची आहे.

लेकीला फोनवर सांगितलं की दुकानातल्या त्या अठरा हजारांच्या पाठीपेक्षा आपली उजवी आहे. ती हसून म्हणाली, "बाबा, याच्यावर पेपर आहे." 2012 साली मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला. त्यांनी लोकांना कागदाचे बगळे करायला लावले आणि मग किंमत विचारली. वाकडेतिकडे बगळे केलेल्यांना आपले बगळे जवळजवळ तज्ज्ञांनी केलेल्या बगळ्यांच्या तोडीचे वाटले. इतरांना ते कचरा वाटले. मी तिला विचारलं, त्या इतरांनी स्वतः किती बगळे केले होते?

एवढं सगळं झाल्यावर आईने पहिल्याच रात्री मखमलीवर एक जुना पंचा टाकला.

"आई! मखमल आहे ती."

"म्हणूनच. तेलाने खराब नाही का होणार?"

आईचं हे कुणाला वावगं वाटेल, पण ती एकटी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष डोक्याला माकासार तेल थापायचे, आणि त्यांच्या डोक्यांपासून खुर्च्या वाचवायला घरोघरच्या बायका पाठीवर धुता येतील असे रुमाल टाकायच्या. त्या रुमालांचे वंशज रेल्वेच्या वातानुकूलित खुर्च्यांवर आजही दिसतात. सारांश, भिंत वाचवायला पाठ केली, पाठ वाचवायला पंचा टाकला, आणि पंचा माळ्यावरच्या लोडांभोवती गुंडाळून ठेवलेला होता, तिथून आला.

गेल्या रविवारी मेहुणा आला. त्याने घर बघता बघता पंचा उचलला आणि तो थबकला. "दाजी, हे कुठून घेतलंत? टू-टोन?"

"केलंय," मी म्हणालो.

"केवढ्याला पडलं?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी मेहुण्याकडे पाहिलं. तीस वर्षांची सवय एका क्षणात मोडत नाही. "3,321."

"फक्त?" त्याने खिशातून मोबाइल काढला. "मला एक करून द्या. अस्संच हवं, एक बाजू गडद, एक फिकट. पलंग आमचा बहात्तर इंची आहे, पण तुम्ही घ्याल सांभाळून." माझा फोन वाजला. 3,400 जमा. "वरचे चहाला."

तो गेल्यावर ही वही घेऊन बसली. "हे कशात धरायचं?"

"बघतो," मी म्हणालो, आणि दाराआड किती प्लाय उरलाय ते मोजायला उठलो. मोजपट्टी सापडेना.

"उजवीकडे टेकून बघा," ही म्हणाली.